एकाच नायिकेचे दोन आवाज : सुमन कल्याणपूर यांची युगुलगीते (थ्रेड)

१९६४ चा 'राजकुमार'. शम्मी कपूर, साधना, संगीत शंकर-जयकिशन यांचे. साधनाच्या तोंडचे 'आजा आई बहार' हे एकल गीत लता मंगेशकरांनी गायिले आहे. मात्र 'तुमने पुकारा' हे मोहम्मद रफींसोबतचे युगुलगीत सुमन कल्याणपूर यांचे. नायिका एक, आवाज दोन. कित्येक श्रोत्यांनी मात्र वर्षानुवर्षे दोन्ही गाणी लताबाईंचीच मानली.

एकाच नायिकेला दोन आवाज का लागले?

उत्तर सुरांत नव्हे, पैशांत आहे. गाजलेल्या निवडक संगीतकारांना त्या काळी तबकड्यांच्या विक्रीवर रॉयल्टी मिळू लागली होती. गायकांनाही तिचा वाटा मिळावा, ही लताबाईंची भूमिका. रफींचे मत निराळे : गायनाचे मानधन घेतले की गायकाचा हक्क संपतो. मतभेद विकोपाला गेले आणि साठच्या दशकात काही वर्षे हे दोघे एकत्र गायिलेच नाहीत. १९६७ च्या सुमारास समेट झाला. त्या वर्षीच्या 'ज्वेल थीफ'मध्ये दोघांचे स्वर पुन्हा एकत्र ऐकू येतात.

मधल्या काळात चित्रपट थांबले नव्हते आणि प्रत्येक चित्रपटाला युगुलगीत हवेच होते. 'शगून' (१९६४), 'जब जब फूल खिले' (१९६५), 'मोहब्बत इसको कहते हैं' (१९६५) : या चित्रपटांत रफींसोबतचा स्त्रीस्वर सुमनताईंचा आहे. समेटानंतरच्या 'ब्रह्मचारी'तील (१९६८) युगुलगीतही त्यांचेच. म्हणजे त्यांना केवळ 'बदली गायिका' म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९३७ साली ढाक्यात जन्मलेल्या, १९४३ मध्ये मुंबईस आलेल्या सुमनताईंना केशवराव भोळे यांचे मार्गदर्शन लाभले होते. मराठी भावगीतांचा श्रोता त्यांना कधीही दुसऱ्या कुणाच्या नावाने ओळखत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मग हिंदीत घोळ का? आवाजांतील साम्य हे एक कारण. दुसरे कारण नोंदींचे. पार्श्वगायकाचे नाव सांगण्याची शिस्त फार उशिरा रुजली. 'महल' (१९४९) चित्रपटातील गाण्याच्या पहिल्या तबकडीवर लताबाईंचे नावच नव्हते. तेथे 'कामिनी' असे पात्राचे नाव छापले होते! पुढे नावे छापली जाऊ लागली, तरी रेडिओवर गाणे ऐकणाऱ्याच्या हाती तबकडी नसे. निवेदकाने नाव गाळले वा चुकीचे सांगितले, की तेच श्रोत्यांच्या स्मरणात राही.

ज्या हक्कावरून हा वाद पेटला, तो कायद्यात यायला फार काळ गेला. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला स्वतंत्र अधिकार नव्हता; तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीची तरतूद २०१२ मध्ये झाली. रफी १९८० मध्येच निवर्तले होते. सुमनताईंना पद्मभूषण मिळाले २०२३ साली.

दोन्ही आवाजांतील फरक स्वतःच्या कानांनी पडताळायचा असेल, तर १९५९ चा 'चाँद' शोधावा. संगीत हेमंतकुमार यांचे. त्यात 'कभी आज कभी कल' हे एक दुर्मीळ युगुलगीत आहे आणि ते गाणाऱ्या दोघी आहेत लता मंगेशकर आणि सुमन कल्याणपूर.