मनिऑर्डर कुणाच्या नावावर?

चाकरमान्यांनी कोकणाला काय दिलं असं विचारलं, की लोक चिऱ्याची घरं आणि देवळांचे कळस दाखवतात. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात ब्रँच पोस्टमास्तर होतो. गावात चांगलं काय नि वाईट काय, हे ठरवण्याची मापं मुंबईच्या पैशाने कशी बदलली, ते मला पोस्टाच्या खिडकीतून दिसलं.

१८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातले गडी आगबोटीने तिकडे जाऊ लागले. १८८०पासून टपालखातं मनिऑर्डरी पोचवू लागलं. तोवर गावात सारा वसूल करणारा खोत म्हणेल ती पूर्व. त्याच्या शेतावर फुकट वेठ करायची, दारातून जाताना जोडे हातात घ्यायचे. याला रीत म्हणत, आणि रीत मोडणारा उर्मट ठरे. मुलगा गिरणीत लागला की खंडाचे पैसे बाहेरून येत, कर्जासाठी खोताच्या ओसरीवर बसावं लागत नसे. माणूस आपोआप ताठ चालू लागे. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेली, तेव्हा गिरणगावात नातलगांचं छप्पर होतंच. खोती कायद्याने गेली १९४९मध्ये. तिचा धाक मात्र आधीच ओसरू लागला होता.

घरातला धाक जायला जास्त वेळ लागला. मनिऑर्डर नेहमी बापाच्या नावे यायची. एकदा एका गिरणी कामगाराने ती बायकोच्या नावे पाठवली. सासरा खिडकीशी येऊन म्हणाला, "मास्तर, घराचा कारभारी मी हाय. पैशे माज्याकडं द्या." नियम सांगितला, तर माझ्यावरच उखडला. शेवटी सून आली. पदर सावरत तिने शाईचा अंगठा उठवला, नोटा दोनदा मोजल्या आणि तिथेच सासऱ्याच्या हातात ठेवल्या. पुढच्या खेपेला दहाची एक नोट तिने कनवटीला लावली. म्हणाली, "पोरीची फी हाय." म्हातारा काही बोलला नाही. बाईने स्वतःजवळ पैसा ठेवणं म्हणजे घर फोडणं, असं मानणाऱ्या गावात पुढे अशा कितीतरी मनिऑर्डरी आल्या.

पण याच पैशाचं दुसरं तोंडही पाहिलं. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असे, लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत त्याची सभा भरे. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारी, नारळाचा मान कुणाचा, कुठल्या घराला वाळीत टाकायचं, हे तिथून ठरून येई. मुंबईत हेच लोक युनियनचा झेंडा धरत, एकाच नळावर सगळ्या जातींच्या रांगेत उभे राहत. गाव मात्र त्यांना सोडून आले तसंच हवं होतं. वर्षातून दोनदा येणाऱ्याला जुनी रीत गोड वाटते. ती पाळण्याची किंमत गावात राहणारा भरतो. वाळीत टाकलेल्या घरातली बाई पोस्टात आली, की बाकीच्या बाजूला सरकत. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडावं लागलं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मनिऑर्डरी आटल्या, आणि कर्ते पुरुष रिकाम्या हाताने गावी आले. घरं तगली ती बायकांच्या भातशेतीवर. २००१च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या; म्हणजे गाव चालवत होतं कोण, ते सरकारी आकड्यातच लिहिलेलं आहे. तरी गावकीच्या बैठकीत त्यांना बसायला जागा नव्हती. मुंबईने आम्हाला खोतापुढे ताठ उभं राहायला शिकवलं. घरच्या बाईपुढे थोडं वाकायचं, हे आमचं आम्हीच शिकायचं होतं, आणि ते आम्ही अजून पुरतं शिकलेलो नाही.