मेंदूंतील अर्बुदाच्या वाटा

१९२८ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी ह्या शस्त्रवैद्यानें एका अचाट शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या उजव्या भागांत अर्बुद वाढून ज्यांचें डावें अंग आधींच लुळें पडलें होतें, अशा कांहीं रोग्यांचा सबंध उजवा गोलार्धच त्यानें काढून टाकला. निर्मूलन म्हणून ह्याहून अधिक काय करावयाचें! परंतु उरलेल्या अर्ध्या मेंदूंतहि रोगानें पुढें डोकें वर काढलें. इतर अवयवांकडे क्वचितच जाणारें हें अर्बुद मेंदूच्या आंतल्या आंत मात्र फार दूरवर पोंचतें. तें कोणत्या वाटेनें जातें, हा प्रश्न उरला.

ह्या प्रश्नाचा नेटानें पाठपुरावा केला तो हान्स योआखिम शेरर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें. त्याचा जन्म १९०६ चा. १९३३ सालीं नाझी पक्षाच्या हातीं सत्ता आल्यावर गेस्टापोनें त्यास कांहीं काळ अटकेंत ठेविलें. सुटल्यावर तो आधीं पॅरिसला व तेथून १९३४ सालीं बेल्जममधील अँटवर्पच्या बुंगे संस्थेंत गेला.

त्या काळचा रिवाज असा कीं, अर्बुदाचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा, पेशी कोणत्या जातीच्या तें पाहावें व त्यावरून रोगास नांव द्यावें. बेली व कुशिंग ह्यांचें १९२६ सालचें प्रसिद्ध वर्गीकरण पेशींच्या जातींवरच उभारलेलें होतें. पण एका विटेवरून वाड्याचा नकाशा कसा कळावा? शेरर मृत रोग्यांचे सबंध मेंदू घेऊन त्यांचे मोठमोठे पातळ काप तपासूं लागला.

त्यास आढळलें तें असें. अर्बुदाच्या पेशींची कांहीं मांडणी त्यांची स्वतःची, उपजत असते. कांहीं मात्र त्या ज्या जागेंतून जातात त्या जागेनें त्यांच्यावर लादलेली असते. ह्या दुसऱ्या प्रकारास त्यानें 'दुय्यम रचना' म्हटलें. कोठें ह्या पेशी रक्तवाहिनीस बाहेरून चिकटून तिच्याबरोबर चालतात. कोठें एखाद्या निरोगी मज्जापेशीभोंवतीं कोंडाळें करितात. कोठें मेंदूच्या पृष्ठभागावरील पातळ आवरणाखालीं पसरतात. तर कोठें मज्जातंतूंच्या जुडग्यांतून रांगेनें पुढें सरकतात. दोन गोलार्धांस जोडणारा तंतूंचा मोठा पूल हा तर ह्या प्रवाशांचा हमरस्ताच. भिंत फोडून शिरणाऱ्या दरोडेखोराहून हा चोर निराळा. गांवचे बोळ ठाऊक असल्याप्रमाणें तो बोळांतूनच फिरतो. म्हणूनच डोळ्यांस निरोगी दिसणाऱ्या भागांतहि त्या पेशी असतात, आणि शस्त्र त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. हे विचार त्यानें १९३८ व १९४० सालच्या निबंधांत मांडले. ग्लायोब्लास्टोमा हें उग्र अर्बुद कधीं एकदम उद्भवतें, तर कधीं सौम्य अर्बुदांतून सावकाश परिणत होतें, हा भेदहि त्यानेंच त्या सुमारास दाखविला. सुमारें सत्तर वर्षांनीं जनुकांच्या अभ्यासानें त्यास दुजोरा दिला.

ह्यापुढील भाग लिहिणें अप्रिय आहे, पण तो गाळणें खोटेपणाचें होईल. १९४१ सालीं शेरर तेव्हांच्या जर्मनींतील ब्रेस्लाऊ येथें आला. अपर सिलेशियांतील लोबेन येथील संस्थेंत नाझी राजवट दुर्बल व मतिमंद ठरविलेल्या पोलिश व जर्मन मुलांस औषध पाजून ठार करीत होती. त्या मुलांचे मेंदू ब्रेस्लाऊस येत, आणि तीनशेंहून अधिक मेंदू शेररनें तपासले. ज्या सत्तेनें स्वतःस कोंडलें तिच्याच हत्याकांडाचा माल हा मनुष्य आपल्या मेजावर घेत होता. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीपेशीचा माग काढणाऱ्या ह्या पुरुषास, इतक्या कोवळ्या वयाचे इतके मेंदू एकाच ठिकाणाहून कां येतात, हा प्रश्न पडला नसेल असें मानणें मला शक्य नाहीं. त्याच्या निबंधांतील निरीक्षणें त्यामुळें खोटीं ठरत नाहींत. मात्र त्या निरीक्षणांच्या पुण्याईवर हें दुसरें पाप झांकूनहि जात नाहीं.

१९४५ सालीं लान्ड्सहूट गांवावरील बाँबहल्ल्यांत तो मेला. चाळिशीहि त्यानें गांठली नव्हती, आणि कोणत्याहि न्यायालयापुढें त्यास उभें राहावें लागलें नाहीं. १९९९ सालीं पाइफर व क्लाइहूएस ह्या दोघां पंडितांनीं त्याचें संशोधन आणि ब्रेस्लाऊमधील कृत्यें एकाच लेखांत शेजारीं शेजारीं ठेविलीं. मेंदूच्या विकृतिशास्त्राचे विद्यार्थी आजहि त्या दुय्यम रचना 'शेररच्या रचना' ह्या नांवानेंच शिकतात.