फाळक्याची बिजागरी वर का?

ट्रॉलीचा मागचा फाळका खाली पडतो, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. युरोपात मुरघासाचा चारा वाहणाऱ्या बहुतेक ट्रेलरांच्या फाळक्याची बिजागरी मात्र वर असते. असे का?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या. हिरवा मका हवाबंद साठवण्यावर फ्रान्सच्या ऑग्युस्त गोफार यांचे पुस्तक १८७७ साली निघाले. कापलेला चाराही श्वसन करतो, स्वतःतली साखर जाळतो. हवा तोडली, की जिवाणू त्याच साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात आणि चारा टिकतो. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून हे काम लवकर साधले. त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणजे खड्डा भरताना वेळ दवडून चालत नाही. ट्रॅक्टरवर तेलाच्या दाबाची यंत्रणा आली आणि ट्रेलर तिरका करून ओतता येऊ लागला. पण कुट्टी धान्यासारखी वाहत नाही. तुकडे एकमेकांत गुंततात आणि सगळा ढीग एकदम घसरतो. लहान झडपेतून तो निघत नाही, खाली पडणारा फाळका ढिगात अडकतो. वर बिजागरी असली, की मागची बाजू पूर्ण मोकळी होते.

मात्र उचललेला फाळका तेलाच्या दाबावर तोललेला असतो. नळी फुटली, तर तो खाली कोसळतो. म्हणून टेकू लावल्याशिवाय त्याखाली जायचे नाही.

वर्गात एका खोक्यात तांदूळ, दुसऱ्यात गवताची कुट्टी भरून दोन्ही हळूहळू तिरकी करून पाहा. आधी काय घसरते, आणि कसे?