पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण हे गाव एकेकाळी भरभराटीचे होते. यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे येथे राज्य करी. येथल्या भवानीच्या देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि 1865 साली त्याची माहिती विद्वानांपुढे ठेवली. पुढे कीलहॉर्नने त्याचे संपादन केले. एका विद्वानाचे ग्रंथ त्याच्या मागे शिकवले जावेत यासाठी केलेली तरतूद दगडावर नोंदलेली सापडणे दुर्मीळच. हा लेख तशा तरतुदीचा आहे.

तो विद्वान म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग, आणि ते पुढे स्वतंत्र ग्रंथांसारखे चालले. 1183 हे आरंभवर्ष धरून रचलेले ‘करणकुतूहल’ पंचांगकर्त्यांच्या रोजच्या गणितासाठी होते. आपल्या गावाचे नाव त्यांनी विज्जडविड दिले आहे. ते पाटणजवळचे, की बीड, की विजापूर, हा वाद अजून मिटलेला नाही. पाटणचा लेख वंशजांच्या कार्याचा पुरावा आहे, जन्मस्थळाचा नाही, एवढे भान त्या वादात अनेकदा सुटते.

लेखात भास्कराचार्यांची स्तुती सढळ हाताने केली आहे. भाट्ट मीमांसा, सांख्य, वैशेषिक, छंदःशास्त्र, काव्य, यंत्रविद्या या साऱ्यांत ते पारंगत होते, असे लेख सांगतो. नातवाने आजोबांविषयी कोरवून घेतलेले हे शब्द आहेत, तेव्हा ते थोडे हात राखूनच घ्यायला हवेत. त्यांचे म्हणून ओळखले जाणारे जे ग्रंथ हाती आहेत ते गणित आणि ज्योतिषाचे.

नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी, तर त्याचा बाप लक्ष्मीधर याला जैत्रपाल राजाने पंडितांचा प्रमुख नेमले होते. चांगदेवाने पाटणला मठ स्थापला तो सिद्धान्तशिरोमणी, भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांची रचना शिकवण्यासाठी. निकुंभ सोइदेवाने मठाला दान दिले. शके 1128, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ असा काळ लेखात दिला आहे, तो इ.स. 1207 मध्ये येतो. ग्रंथ शिकवायला ज्योतिषाचे, आणि दानाला मुहूर्त ग्रहणाचा.

लेखाचा पुष्कळसा भाग संस्कृतात आहे, पण उत्पन्नाची कलमे मराठीत आहेत, कारण ती बाजारकऱ्यांना कळायला हवी होती. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला गेला. गावात जेवढे घाणे चालत, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल ठरले. ज्ञानेश्वरीच्या आधी ऐंशीहून अधिक वर्षे लिहिलेली ही मराठी आहे. आणखी एक धागा याच तालुक्यातल्या बहाळचा. तेथील शके 1144 च्या लेखात अनंतदेव हा घराण्यातलाच दुसरा राजज्योतिषी भेटतो.

मठ उरला नाही. ग्रंथ मात्र पसरले. छापखान्याआधीच्या काळात ग्रंथाचे वजन कळे ते त्याच्यावरच्या टीकांवरून, आणि लीलावतीवर त्या उदंड झाल्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1545 मध्ये लिहिलेली ‘बुद्धिविलासिनी’ त्यांत नावाजलेली. पण याच गणेशाने 1520 साली ‘ग्रहलाघव’ रचून पंचांगाचे गणित सोपे केले, आणि महाराष्ट्रात त्याचेच चलन झाले. लीलावतीची थोरवी वाढवणारा माणूसच करणकुतूहलाचा प्रतिस्पर्धी ठरला. रोजच्या वापराच्या ग्रंथाला सोपा पर्याय आला की तो मागे पडतो. पाठ करून शिकायच्या ग्रंथाचे तसे होत नाही.

उल्लेखाने ग्रंथकार कसा जगतो याचे उदाहरण भास्कराचार्यांनी स्वतःच ठेवले आहे. बीजगणिताच्या शेवटी ते ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ऋण मानतात. पद्मनाभाचे बीजगणित आज मिळत नाही. ते होते हे कळते ते या उल्लेखामुळे.

भाषांतरे उशिरा झाली. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 1587 मध्ये लीलावती फारसीत नेली, तर अताउल्ला रशीदीने शाहजहानच्या काळात बीजगणित. इंग्रजीत आधी बीजगणिताचा हा फारसी अवतारच गेला. मूळ संस्कृतावरून कोलब्रुकने केलेले भाषांतर 1817 मध्ये छापले गेले. तोवर युरोपात फर्माने 1657 साली घातलेले एक कोडे सुटून गेले होते: कोणत्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला तर पुन्हा वर्गच येतो? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने ते पाच शतके आधी सोडवले होते. लहानात लहान उत्तरातले दोन आकडे 22,61,53,980 आणि 1,76,63,19,049 असे येतात.

भास्कराचार्यांबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाते ती मात्र कन्या लीलावती आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची गोष्ट. ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेतली आहे. पाटणच्या शिलालेखात मुलगा आहे, नातू आहे, मुलीचा उल्लेख नाही. ही गोष्ट सांगायचीच तर फैजीच्या नावावर सांगावी.