विमानात बंदूक किंवा काडतूस नेता येते का? नियम आणि शिक्षा जाणून घ्या

मागच्या वर्षी मला हैदराबादहून दिल्लीचे विमान पकडायचे होते. म्हणून उदगीरच्या मामांची जुनी बॅग आणली. रानडुकरांपासून पीक राखायला मामांकडे परवान्याची बाराबोर आहे. निघायच्या आदल्या रात्री बॅग झटकली, तर बाजूच्या कप्प्यातून एक काडतूस खाली पडले! मामांना फोन केला, ते परवाना घेऊन आले आणि काडतूस घेऊन गेले. पण तेच विमानतळावर सापडले असते तर?

मशीनला कसे कळते?

एक्स-रे मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी बॅग तपासते. कपडे, खाऊ नारिंगी दिसतात, धातू निळा. काडतुसाचे पितळी बूड आणि आतले शिशाचे छर्रे लगेच नजरेत भरतात.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली यासाठी २ ते ५ वर्षे कैद आणि दंड आहे.

“चुकून राहिले” म्हटले तर? गुणवंतलाल खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वस्तू जवळ आहे याची जाणीव असेल तरच तो ताबा ठरतो. म्हणजे सुटका होऊ शकते. पण ती कोर्टात. तोपर्यंत विमान गेलेले असते, गुन्हा नोंदलेला असतो आणि पासपोर्ट किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो समोर येतो.

परवाना असेल तर?

१. बंदूक केबिनमध्ये कधीच नाही, फक्त चेक-इन सामानात. खेळण्यातले पिस्तूलही हँडबॅगेत चालत नाही.
२. बंदूक रिकामी, काडतुसे वेगळी. काउंटरवर स्वतःहून सांगून लेखी द्यायचे. प्रत्येक विमान कंपनीचे नियम आणि शुल्क वेगळे, म्हणून तिकीट काढण्याआधीच विचारा.
३. मूळ परवाना सोबत ठेवा. त्यावर युनिक आयडी नंबर, म्हणजे यूआयएन, आहे ना ते बघा.
४. परवान्याचे क्षेत्र वाचा. नांदेड-लातूरकडचे बरेच जण विमानासाठी हैदराबाद गाठतात. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर तेलंगणाची हद्द ओलांडताच तुम्ही अडचणीत! क्षेत्र वाढवायचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो.

कृपाणाचे काय?

हुजूर साहिबमुळे नांदेडला हा प्रश्न नेहमी येतो. २०२२ च्या आदेशानुसार देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना कृपाण नेता येते. पाते ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नको.

तर मित्रांनो, कुणाची बॅग मागून आणली असेल, तर मोबाईलचा टॉर्च लावून प्रत्येक कप्पा तपासा. दोन मिनिटे लागतात. आणि घरात परवानाधारक कुणी असेल, तर हा लेख त्यांनाही पाठवा.