पोरक्याला मिळालेले घर

मेलबर्न संघाचा एक फुटबॉलपटू १९४१ साली तोब्रुकच्या लढाईत कामी आला. त्याचा मुलगा रॉन बरासी तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. पुढे संघाचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. मेलबर्नच्या सहा अजिंक्यपदांत खेळून १९६५ साली बरासी कार्लटनचे प्रशिक्षक झाले. १९७० च्या अंतिम सामन्यात मध्यंतरास त्यांचा संघ कॉलिंगवूडपेक्षा ४४ गुणांनी मागे होता. मुठीने चेंडू सोबत्याकडे देत धावा, असे त्यांनी बजावले. कार्लटन १० गुणांनी जिंकला. बरासी २०२३ साली निवर्तले. त्या यशाचा आरंभ आम्हांस स्मिथ यांच्या उंबरठ्यावर दिसतो. पोरक्याला घास देणाऱ्यास पुढचे कुठे ठाऊक असते?