प्रवासवेषातील शेला आणि कंबरबंद

वेषभूषेच्या अभ्यासकास जी साधने सहज उपलब्ध होतात ती बहुधा मौल्यवान वस्त्रांची असतात. वस्तुसंग्रहालयातील जरीचे पटके, पैठणी शेले व काश्मिरी दुशाले जपले गेले ते त्यांच्या किमतीमुळे. जे वापरात झिजले ते उरले नाही. या निवडीचा परिणाम असा झाला की, कंबरेला बांधावयाचे व खांद्यावर घ्यावयाचे वस्त्र म्हणजे मूळ पोशाखावर चढविलेली शोभा, असा समज रूढ झाला. प्रवासी माणसाच्या वेषाकडे पाहिले म्हणजे हा समज अपुरा ठरतो. प्रवासात ही दोन वस्त्रे वेषाचे अलंकार नव्हती, तर त्याचे कामकरी अवयव होती, आणि त्यांची शोभा व त्यांचा मान त्या कामातूनच उत्पन्न झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उपयोग आणि शोभा यांमधील हा प्रश्न अर्वाचीन नाही. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात त्याचा स्पष्ट उल्लेख आढळतो. कंबरेला बंध न बांधता एक भिक्षू भिक्षेसाठी गावात गेला असता वाटेतच त्याचे अंतर्वस्त्र सुटून पडले आणि लोकांत त्याचे हसे झाले. यावरून कायबंधनाशिवाय गावात प्रवेश करू नये, असा नियम झाला. नियम होताच काही भिक्षू अनेक पदरी, साखळीसारखे, मृदंगाकृती असे नाना तऱ्हेचे कायबंध वापरू लागले. त्यावर गृहस्थांनी टीका केली, तेव्हा अशा सर्व शोभिवंत प्रकारांना मनाई करून दोनच साधे प्रकार मान्य करण्यात आले. त्यांपैकी एकाचे नाव ‘पट्टिका’ असे आहे. आजच्या ‘पट्टा’ या शब्दाशी तिचे नाते उघड आहे. या कथेतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी गरज, मग नियम, मग शोभा, आणि शेवटी शोभेला आळा. सतत चालत राहणाऱ्या संघाला कंबरबंधाचा विचार इतक्या बारकाईने करावा लागला, यातच त्याचे प्रवासातील महत्त्व दिसून येते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल दरबारात या क्रमाचे दुसरे टोक दिसते. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त अकबराने निरनिराळ्या वस्त्रांना दिलेली नवी नावे नोंदलेली आहेत. त्यांत पटक्याला ‘कटझेब’ आणि शालीला ‘परमनरम’ अशी नावे दिल्याचा उल्लेख आहे. कटझेब म्हणजे कटीची शोभा. (यातील ‘झेब’ हा फारसी शब्द शोभावाचक आहे. मराठीत खिशाला म्हणतात तो ‘जेब’ शब्द निराळा.) शाल दुहेरी करून पांघरण्याची रीतही बादशहाने पाडली, असे तेथेच सांगितले आहे. बांधण्याच्या वस्त्राला येथे नावानेच अलंकाराचे पद मिळाले. तथापि त्याच काळातील चित्रांत या शोभिवंत पटक्यात कट्यार खोवलेली दिसते, हे विसरता कामा नये. दरबारातही कटीची शोभा रिकामी नव्हती.

मराठी मुलुखातील प्रवाशाकडे वळताना दरबारी चित्रांपेक्षा भाषेची साक्ष अधिक उपयोगी पडते. धोतर, बाराबंदी व पागोटे या वेषात पैसा सुरक्षित राहील असा खिसा नसे. तेव्हा वाटखर्ची ठेवावयाची कोठे? उत्तर शब्दांतच आहे. धोतराच्या कंबरेवरील दुमड म्हणजे कनवटी. तीत सुटे नाणे लावले जाई. अधिक रक्कम असल्यास ‘कसा’ वापरीत. कसा म्हणजे कंबरेस गुंडाळून बांधण्याची लांब, अरुंद पिशवी. तिच्यावरून कंबरबंद आवळला म्हणजे ती बाहेरून दिसत नसे. पान-सुपारीची चंची तेथेच खोवलेली असे. स्त्रियांच्या बाबतीत हे काम ओचा व पदर करीत. पदराच्या टोकाला नाणे गाठ मारून ठेवले जाई. स्वतःचे द्रव्य खर्चणे या अर्थी ‘पदरमोड’ आणि जवळ पैसा असणे या अर्थी ‘गाठीला असणे’ हे प्रयोग याच व्यवहाराची आठवण देतात. कार्यास सिद्ध होणे या अर्थी आपण ‘कंबर कसणे’ म्हणतो, तेही मुळात निघण्याच्या तयारीचेच वर्णन होय.

या व्यवस्थेतील भार किती होता, याचाही हिशोब करता येतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा ठरला. त्या मानाने शंभर रुपयांचे वजन एक किलोग्रॅमच्या वर आणि तीनशे रुपयांचे साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास होते. एवढे चांदीचे वजन कंबरेला बांधून दिवसाला कित्येक कोस चालावयाचे, तर कंबरबंद लांब, रुंद व घट्ट विणीचा असणे भाग होते. कंबरेभोवती अनेक वेढे देण्याची रीत केवळ डौलाची नव्हती. अनेक वेढ्यांमुळे भार सारखा वाटला जातो आणि पाठीला आधार मिळतो. सावकारी पेढ्यांवरील हुंडीमुळे मोठ्या रकमा वाहून नेण्याची आवश्यकता कमी होत असे, हे खरे. परंतु पेढीवर पत नसलेल्या सामान्य प्रवाशाला कंबरेचाच आधार होता.

खांद्यावरील वस्त्राचे काम याहून विविध होते. उन्हात ते डोक्यावर येई, धुळीत नाकातोंडावर, थंडीत कानांभोवती. स्नानानंतर तेच अंग पुसण्यास व रात्री अंथरण्या-पांघरण्यास चाले. शिदोरी त्यात बांधली जाई. पंचा, उपरणे, शेला व शाल ही नावे वस्त्राच्या मोलानुसार व वापरणाराच्या प्रतिष्ठेनुसार निरनिराळी झाली, तरी त्यांचे प्रवासातील काम पुष्कळसे एकच राहिले. म्हणूनच अनोळखी गावी आलेल्या माणसाची पारख त्याच्या खांद्यावरून व कंबरेवरून होत असावी, असे मानण्यास जागा आहे. गावात तो एकटा आलेला असे. त्याचे घर, जमीन, गोत यांपैकी काहीच दिसत नसे. दिसे ते केवळ त्याचे वस्त्र.

या दृश्यमानतेत धोकाही होता. कर्नल स्लीमन यांच्या १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीचा संग्रह आहे. ठगांचे मुख्य हत्यार म्हणजे गळ्याभोवती आवळावयाचा रुमाल, असे त्या काळच्या सरकारी तपासात वारंवार नमूद झाले. ठगीविरुद्धचा पहिला खास कायदाही १८३६ चाच. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभारलेले हे सर्व चित्र कितपत विश्वसनीय मानावे, याविषयी अलीकडील इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते सकारण आहेत. परंतु एवढे निश्चित की, सहप्रवाशाच्या हातातील साधे फडके संशयास पात्र नव्हते, म्हणूनच ते हत्यार म्हणून कल्पिता आले. कंबरेला द्रव्य बांधलेला प्रवासी आणि खांद्यावर रुमाल टाकलेला सोबती, हे चित्र वाटेवरचे नेहमीचे होते.

वाटेवरील या अनिश्चिततेची मराठीतील सर्वांत बोलकी साक्ष म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक होय. कर्जातून मोकळे व्हावे या हेतूने गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. बंडाच्या धामधुमीत सापडून झांशीच्या पाडावाचे ते साक्षीदार झाले. मिळविलेले द्रव्य लुटालुटीत गेले, आणि घरी परतताना गंगोदकाची कावड तेवढी त्यांनी निष्ठेने आणली. १८८३ च्या सुमारास लिहिलेला हा वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. दक्षिणेवर जगणाऱ्या भिक्षुकाची सर्व मिळकत त्याच्या अंगावरच असे, आणि अंगावरून ती जाई तेव्हा घरच्या कर्जासकट सर्व हिशोब विस्कटे. प्रवासवेषाचा विचार करताना या वस्तुस्थितीचा विसर पडू नये.

मानाचे वस्त्र म्हणून शेल्याला जे स्थान मिळाले त्याचा अर्थही येथेच लागतो. मराठी राज्यात पदाची वस्त्रे देण्याची चाल होती, तशी वकिलास अगर पाहुण्यास निरोप देताना वस्त्रे देण्याचीही होती. घरगुती व्यवहारात तिचेच रूप म्हणजे शेला-पागोटे. निरोपाच्या क्षणी नेमके हेच वस्त्र का द्यावे? वाटेवर निघालेल्या माणसाला उपयोगी पडणारे आणि पुढील मुक्कामी त्याची ओळख सांगणारे वस्त्र तेच होते, हे या प्रश्नाचे साधे उत्तर होय. उपयोग आणि मान येथे एकाच धाग्याने विणलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धागा तुटला. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली. १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी चलन आले. १८८० पासून टपालाने मनिऑर्डर पाठविण्याची सोय झाली. धोतरावर कोट आला व कोटाला खिसा. पायी चालण्याचे दिवस तासांवर आले, आणि कंबरेला द्रव्य बांधण्याचे कारण हळूहळू उरले नाही. मग त्या दोन वस्त्रांचे झाले काय? खांद्यावरील वस्त्र सभासमारंभात गेले. शाल-श्रीफळ देऊन केला जाणारा सत्कार हा त्याचा आजचा अवशेष होय. कंबरेवरील वस्त्राची वाट मात्र दुहेरी झाली. सतराव्या शतकातच इंग्रजीत गेलेला ‘कमरबंद’ हा शब्द ‘कमरबंड’ होऊन हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजवानीच्या पोशाखात जाऊन बसला. इकडे मुंबई इलाख्यातील कचेऱ्यांत पट्टा व पितळी बिल्ला धारण करणारा शिपाई ‘पट्टेवाला’ म्हणून ओळखला जाऊ लागला. एकाच वस्त्राचा एक वंशज साहेबाच्या जेवणाच्या मेजाशी बसला, तर दुसरा साहेबाच्या दाराशी उभा राहिला.

सारांश, शेला व कंबरबंद यांचा इतिहास अलंकाराच्या प्रकरणात कोंबून भागणार नाही. तो वाटा, नाणी, पेढ्या आणि भय यांच्या इतिहासाशी जोडून वाचला पाहिजे. जामदारखान्याच्या कागदांत मोलाची वस्त्रे सापडतील, परंतु कनवटी व कसा यांचा शोध प्रवासवर्णने, चोरीच्या फिर्यादी आणि शब्दकोश यांतून घ्यावा लागेल. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. ज्या वस्त्राने प्रवाशाला पोसले व राखले ते झिजून नाहीसे झाले. त्याची साक्ष आता भाषेपाशी उरली आहे, आणि हे शब्द वापरणारी पिढी फार काळ राहणार नाही.